बिनशेंगदाण्याचा ट्रे

तिला सगळी गल्ली तोफ म्हणायची. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. फोटोला फ्रेम करून द्यायचं तिचं एका दाराचं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की आधी बोलणी खायचं. "लग्नाचा फोटो आहे ना हा? मग विजेच्या बिलासारखा घडी घालून खिशात कोंबून आणतात का?" माणूस चपापून उभा राहायचा. चार दिवसांनी फ्रेम हातात पडली की तोच माणूस सगळं विसरायचा, कारण तिच्या फ्रेमच्या कोपऱ्यात नख शिरेल एवढीही फट नसायची. तिच्या कामात कुणी खोट काढली की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लग्न तिनं केलं नव्हतं. "जमत आलं होतं, पण मुलगा भित्रा निघाला," असं स्वतःच सांगून ती गडगडाटी हसायची.

हा राग तिनं हौसेनं पाळलेला नव्हता. आईवडील एका वर्षात गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, भाऊ बारा आणि धाकटी बहीण आठ. खोली रिकामी करा म्हणून घरमालक दारात आला, तेव्हा ती त्याच्यावर अशी कडाडली की तो जिना उतरताना पायरी चुकला. भावाला शाळेतून काढायची भाषा करणाऱ्या हेडमास्तरांच्या टेबलावर तिनं मूठ आपटली होती. गोड बोलून तिला कधी काही मिळालं नाही, जे मिळालं ते ओरडून. तेव्हापासून तिची पक्की समजूत झाली की माणसाची काळजी घ्यायची म्हणजे त्याच्या वतीनं चिडायचं. दोन्ही भावंडं शिकली, मार्गी लागली, आणि अजूनही तिच्यासमोर उभी राहिली की पाठ ताठ करायची.

सुट्ट्यांत तिघं भावाच्या घरी जमत, कारण ओव्हन त्याच्याकडे होता. ओव्हन होता म्हणून टॉफी. खारट बिस्किटांवर लोणी-साखरेचा पाक ओतून भाजायचा, वर चॉकलेट पसरायचं, थंड झालं की फोडून तुकडे करायचे. इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाला एक डबा जायचा. डबे भरताना भावजय दरवर्षी म्हणायची, "सोपं असतं हो ते, कुणालाही येईल." त्या 'सोपं'नं तोफेच्या तळपायाची आग मस्तकात जायची. सोपं म्हणे! पाक तीन मिनिटं उकळायचा म्हणजे तीनच. अडीच झाली तर टॉफी दाताला चिकटते, चार झाली तर कडू होते. बिस्किटं एकमेकांना भिडवून लावायची, कडेला उरलेल्या पट्टीत अर्धी कापून बसवायची, आणि ती कापायला तोफ फ्रेमची मोजपट्टी घेऊन बसायची. भावजयीनं एकदा स्वतः करून पाहिली होती. ती ट्रेसकट टाकून द्यावी लागली. हे तोफ दरवर्षी सगळ्यांसमोर न चुकता सांगायची.

पण दोघींमधलं खरं भांडण टॉफीचं नव्हतं, शेंगदाण्याचं होतं.

धाकटीच्या आठ वर्षांच्या मुलीला शेंगदाणा चालत नव्हता. आवडत नव्हता असं नाही. कणभर पोटात गेला तरी तिचे ओठ सुजायचे, घसा आवळायचा, श्वास अडकायचा. दुधाचे पुढचे दोन दात मोठे आले म्हणून मामानं तिचं नाव खारूताई ठेवलं होतं. ही खारूताई शेंगदाण्याच्या वाऱ्यालाही उभी राहू शकणार नाही, हे तेव्हा कुणाला माहीत होतं? नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. आता सगळे खारू म्हणत.

गेल्या सुट्टीत भावजयीनं खारूला दुकानातलं बिस्किट दिलं. पाकिटावर काय लिहिलंय ते पाहिलं नाही. "एवढ्याशानं काय होतंय," म्हणाली. दोन दिवस पोर हॉस्पिटलात होती. भावजय रडली, पाया पडायची बाकी राहिली, धाकटीनं तिला माफही केलं. तोफेनं केलं नाही. वर्षभर ती भावजयीशी कामापुरतंच बोलली, आणि तेही भिंतीकडे बघून.

यंदा धाकटी यायलाच तयार नव्हती. फोनवर म्हणाली, "ताई, आम्ही घरीच राहतो. तिथे मला घास उतरत नाही गं. सारखं पोरीच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं."

"तिथे मी आहे ना?"

"तू गेल्या वर्षीही होतीस."

हे तोफेला झोंबलं. "गेल्या वर्षी मी बाहेरच्या खोलीत होते. यंदा त्या स्वयंपाकघरात चमचासुद्धा माझ्या परवानगीशिवाय हलणार नाही. शब्द देते तुला."

"मग या वर्षी शेंगदाण्याची टॉफी करूच नको ना. सगळ्यांना साधीच कर."

इथे हो म्हणून फोन ठेवला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तोफेला त्या मागणीत काळजी ऐकू आली नाही, संशय ऐकू आला. आपल्या हातावर संशय! "म्हणजे मला दोन ट्रे वेगळे ठेवता येत नाहीत? बावीस वर्षं काच कापतेय मी. बोटाला साधा ओरखडा दाखव."

धाकटी गप्प झाली. तोफेसमोर शेवटी सगळेच गप्प व्हायचे. मग हळूच म्हणाली, "येते. पण ताई, या वेळी काही झालं तर मी तिला घेऊन पुन्हा कुणाकडे येणार नाही. कुणाकडेच."

ठरल्या दिवशी सकाळी आठला तोफ दोन पिशव्या घेऊन भावाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी हजर झाली. खारूसाठी नवा ट्रे, नवी फॉइल, नवं पातेलं, नवा चमचा. बिस्किटांची आणि चॉकलेटची पाकिटं तिनं दुकानातच भिंग लावून वाचली होती आणि दुकानदाराला फैलावर घेतलं होतं. "शेंगदाण्याचे अंश असू शकतात, हे एवढ्याशा अक्षरात? मुंग्यांसाठी छापलंय का?" पाच पाकिटं परत ठेवून सहावं घेतलं होतं. टॉफी फोडायला तिची दुकानातली छोटी हातोडी होती, फ्रेमच्या पाठीला बारीक खिळे ठोकायची. ती तिनं सगळ्यात आधी दहा मिनिटं उकळत्या पाण्यात बुडवून ठेवली. दुकानातला जाड एप्रनही धुऊन, इस्त्री करून आणला होता. त्याच्याशिवाय तिला कामाला सुरुवात केल्यासारखं वाटायचं नाही.

"ताई, मी काही मदत करू?" भावजयीनं दारातून विचारलं.

"तू त्या खुर्चीत बस आणि दोन्ही हात मांडीवर ठेव."

भाऊ पेपरमधून डोकं काढून म्हणाला, "अगं, घर तिचंच आहे."

"घर तिचं, जीव माझ्या भाचीचा."

भावजय खुर्चीत बसली नाही. ती बाल्कनीत जाऊन वाळलेले कपडे काढू लागली, आणि ते काढून झाल्यावरही तिथेच उभी राहिली.

खारूचा ट्रे आधी झाला. पाक सोनेरी झाला, बिस्किटांवर एकसारखा पसरला, ओव्हनमध्ये बुडबुडे आल्यावर चॉकलेट विरघळलं. तोफेनं तो ट्रे आतल्या खोलीच्या खिडकीत ठेवला आणि खोलीचं दार लावून घेतलं. मग शेंगदाण्यांचं पाकीट फोडलं, ते भरडले आणि दुसऱ्या ट्रेची तयारी सुरू केली. दुसरा पाक उकळत असताना धाकटी आणि खारू आल्या.

धाकटीनं मुलीला शिकवून ठेवलं होतं. कुणीही काहीही खायला दिलं, अगदी आजीनं, बाईंनी, मैत्रिणीच्या आईनं, तरी आधी विचारायचं. यात काय आहे? भांडं वेगळं होतं का? सगळं धुतलं का? खारू हे इतक्या सहज विचारायची की लोकांना गंमत वाटायची. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबली, आत आली नाही, कारण ओट्यावर शेंगदाणे होते. तिथूनच म्हणाली, "मावशी, माझं भांडं वेगळं होतं ना? आणि सगळं धुतलं—"

घड्याळात दोन मिनिटं चाळीस सेकंद झाली होती. आणि सकाळपासून जिनं एवढा जीव ओतला तिलाच हे प्रश्न! तोफ उसळली. "हे प्रश्न मामीला विचारायचे! मी असताना विचारायचं नाही. समजलं? मावशीवर विश्वास नाही का तुझा?"

खारू दचकली. "आहे," म्हणाली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन सोफ्याच्या कडेला बसली. धाकटी मागेच उभी होती. काही बोलावं असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, पण पाक पातेल्यातून ट्रेमध्ये ओतला जात होता आणि ताईच्या कपाळावरची शीर उभी होती. ती बोलली नाही.

जेवणं झाली. फ्रिजमधला शेंगदाण्याचा ट्रे दोनच्या सुमारास कडक झाला. खिडकीतल्या ट्रेवरचं चॉकलेट अजून बोटाला लागत होतं. खालच्या मजल्यावरचं कुटुंब गावाला निघालं होतं, त्यांचा डबा हवा म्हणून भावानं दोनदा आठवण केली. म्हणून तोफेनं आधी फ्रिजमधला ट्रे फोडला. हातोडीचे हलके घाव, टक टक टक, आणि तुकडे सरळ रेषेत मोकळे. सहा डबे भरले, भाऊ खाली देऊन आला. तोफेनं ओटा पुसला, साबणानं दोनदा कोपरापर्यंत हात धुतले, लाल झाकणाचा नवा डबा घेतला आणि आतल्या खोलीत गेली.

खारू तिथे पलंगावर मांडी घालून चित्र काढत होती. "झाली का माझी?"

"झाली का म्हणजे? बघ कशी आरशासारखी झालीय." तोफेनं ट्रे टेबलावर घेतला, हातोडी एप्रनला खसकन पुसली आणि पहिला घाव घातला. खारू बघत होती. तिनं एकदा तोंड उघडलं, मग पेन्सिल चावत पुन्हा चित्राकडे वळली.

डबा बाहेरच्या खोलीतल्या वरच्या फळीवर गेला. चार वाजता तोफ चहाचे कप विसळत असताना खारूनं भावजयीला म्हटलं, "मामी, माझ्या डब्यातला एक तुकडा काढून दे ना. हात धुऊन हं." भावजयीनं साबणानं हात धुतले, ते खारूला दाखवले, लाल झाकण उघडून एक तुकडा दिला.

दहा मिनिटांत पोरीचा खालचा ओठ दुप्पट झाला. ती गळ्याला हात लावून उभी राहिली. धाकटीनं पिशवीतून नेहमी सोबत ठेवलेलं इंजेक्शनचं पेन काढून तिच्या मांडीत खुपसलं, भावानं तिला उचललं, आणि तो चप्पल न घालताच जिना उतरू लागला. त्यांच्या मागोमाग तोफ दाराबाहेर आली, पण पुढे गेली नाही. ती मागे वळली. भावजय दारात उभी होती.

"तू दिलंस! कुठल्या डब्यातलं दिलंस?"

"लाल झाकणाच्या. ताई, शपथ, मी हात—"

"शपथा घेऊ नकोस! गेल्या वर्षी समाधान झालं नाही तुझं? माझ्या पोरीच्या जिवावर उठलीस तू! ऐका सगळ्यांनी, हिनं दुसऱ्यांदा विष घातलंय पोरीला!"

वरची, खालची, सगळी दारं उघडली. जिन्याच्या वळणावर भाऊ क्षणभर थांबला आणि त्यानं वर आपल्या बायकोकडे पाहिलं. ती नजर भावजयीनं झेलली. मग ती आतल्या खोलीत गेली आणि तिनं कडी लावली.

तोफ लाल झाकणाचा डबा घेऊन तरातरा स्वयंपाकघरात आली. काळजाचं पाणी झालं होतं, पण ते तिला कळत नव्हतं, तिला फक्त संताप कळत होता. ती हॉस्पिटलात जाणार होती, पण पुरावा घेऊन. हिनं डबे बदलले असतील, नाहीतर शेंगदाण्याचा चमचा घातला असेल. भावासमोर, धाकटीसमोर ते ठेवायचं आणि या बाईची या घरातली बडबड कायमची बंद करायची. तिनं डबा पांढऱ्या कागदावर उपडा केला, पिशवीतून भिंग काढलं आणि एकेक तुकडा तपासायला लागली.

पहिल्याची कड स्वच्छ. खालची बाजू स्वच्छ. वर चॉकलेटमध्ये हातोडीचा छोटा खळगा होता. त्या खळग्यात फिकट पिवळे कण होते. दुसरा तुकडा घेतला. कड स्वच्छ, खळग्यात कण. तिसरा, चौथा. बाकी कुठे काही नाही. जिथे जिथे घाव बसला होता, फक्त तिथे.

तिनं हातोडी उचलली. लोखंड आणि दांडा जिथे मिळतात तिथे चॉकलेटमध्ये अडकलेला शेंगदाण्याचा चुरा होता. तिनं मान खाली घालून एप्रन पाहिला. उजव्या मांडीवर, जिथे ती दुकानात दिवसातून पन्नास वेळा काचेचा चुरा पुसते, तिथे दुपारच्या शेंगदाण्याची पूड माखली होती. दुकानात हातोडी कुणी धूत नाही. पुसली की झाली.

सवयीनं तिनं वर पाहिलं, कुणावर ओरडावं म्हणून. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.

फोन वाजला. धाकटी रडत होती. "श्वास सुधारलाय. आज रात्री ठेवून घेतील, पण धोका नाही म्हणाले." तोफेनं भिंग खाली ठेवलं. धाकटी पुढे म्हणाली, "दादाला मी सांगून टाकलंय. त्याच्या बायकोचं तोंड बघायचं नाही मला परत. सुट्टीत तुझ्या खोलीवर येत जाऊ आम्ही. तुझ्या हातचं तेवढं खाऊ देईन तिला, दुसऱ्या कुणाचं नाही."

"मी येते तिकडे," एवढंच तोफ म्हणाली.

ती हातोडी घेऊन बेसिनशी गेली. नळ सोडला. धार वाहत होती आणि हातोडी तिच्या हातात कोरडीच होती. दोन मिनिटं लागली असती. तुकडे कचऱ्यात, एप्रन बादलीत. भावजयीला तर स्वतःलाच धड माहीत नव्हतं की आपण काय केलं. आणि धाकटी, खारू, सुट्ट्या, सगळं तिच्याकडे आलं असतं. एवढी घाणेरडी गोष्ट आपल्या डोक्यात येऊ शकते याची तिला शिसारी आली. तिनं नळ बंद केला.

आतल्या खोलीच्या दारावर तिनं टकटक केली. भावजयीनं दार उघडलं. डोळे सुजलेले, पण ती आता रडत नव्हती.

"माझं चुकलं," तोफ पुटपुटली. "हातोडी माझी होती. शेंगदाण्याच्या ट्रेची. मी ती नुसती पुसली. तुझा काही दोष नाही."

भावजयीनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एवढ्या हळू?"

"काय?"

"मघाशी तर तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं होतं, मी विष घातलं म्हणून. आता एवढ्या हळू सांगताय?" तिचा आवाज चढला. लग्नानंतरच्या दहा वर्षांत पहिल्यांदा. "वर्षभर भिंतीशी बोलत होतात माझ्याऐवजी. चुकले होते मी, मान्य केलं होतं. पण आज माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे कसं पाहिलं ते तुम्ही पाहिलंत? ते कोण पुसणार?"

तोफ वळली. ती दाराबाहेर जिन्यावर गेली, कठड्याला धरून उभी राहिली आणि होता नव्हता तो आवाज काढून ओरडली, "ऐका! पोरीला माझ्या चुकीनं त्रास झालाय! हिनं काही केलेलं नाही! चूक माझी आहे!" दुसऱ्या मजल्यावरचं एक दार उघडलं आणि हळूच बंद झालं. तिनं वळून पाहिलं तर भावजयीनंही दार लावून घेतलं होतं. माफ केलं की नाही ते तिनं सांगितलं नाही, आणि का सांगावं?

हॉस्पिटलच्या खाटेवर खारू उशीला टेकून बसली होती. ओठ अजून जाड होता, हाताला नळी होती. एका बाजूला धाकटी, पायाशी भाऊ. तोफेनं हातोडी कागदात गुंडाळून आणली होती. ती तिनं खाटेवर ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. भाऊ ऐकता ऐकता खुर्चीवरून उठला आणि फोन घेऊन घाईनं बाहेर गेला. धाकटीनं खारूचा हात धरून ठेवला. ती फक्त त्या कागदाकडे बघत होती.

"मला माहीत होतं," खारू म्हणाली. आवाज घोगरा आला होता.

"काय माहीत होतं, बाळा?"

"तू हातोडी एप्रनला पुसलीस ते. मी बघितलं होतं. पुसलेली चालते का, ते विचारणार होते मी."

"मग विचारलं का नाहीस?" धाकटी एकदम म्हणाली.

खारूनं आधी आईकडे पाहिलं, मग मावशीकडे. "मावशी म्हणाली होती ना, ती असताना विचारायचं नाही."

तोफेनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आता मावशी ओरडणार म्हणून खारूनं डोळे गच्च मिटून घेतले.